झाडलेलं गायरान

शेण ताजं म्हणजे नेमकं किती ताजं, या प्रश्नावर देशभरच्या शास्त्रज्ञांनी एक अख्खी दुपार घालवली आणि त्या वादात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आमचं घर जालन्याच्या जुन्या बाजारात. खाली भावाचं कापडाचं दुकान, वर आम्ही राहतो. लॅपटॉपवर कच्छचे एक गृहस्थ एक सांगत होते, तमिळनाडूच्या बाई दुसरंच सांगत होत्या, आणि नेटवर्क असं की ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचत नव्हतं. म्हणून मी ओरडले की सकाळी पडलेला शेणाचा पो दुपारी ताजा राहत नाही, हे सगळ्यांनी लिहून घ्यावं. खाली साड्या बघत बसलेल्या बायका एकदम चिडीचूप झाल्या. संध्याकाळी भाऊ वर आला आणि म्हणाला, पिढ्यान्‌पिढ्या आपण या पेठेत अब्रूने कापड विकतोय, जरा हळू बोलत जा.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं. देशातल्या माळरानांचा एक मोठा अभ्यास चालू आहे. ठिकठिकाणची कॉलेजं, संस्था, हौशी माणसं आपापल्या माळावर पाहणी करतात, आणि सगळ्यांनी ती एकाच पद्धतीने, एकाच हंगामात करावी, म्हणजे कच्छचा माळ आणि आमचा माळ शेजारीशेजारी ठेवून बघता येईल, यासाठी काहीजण सतत फोनवर असतात. मराठवाड्यापुरती ती फोनवरची बाई म्हणजे मी. लोक समन्वयक म्हणतात. लग्नात पंगत उठेपर्यंत जो स्वतः जेवत नाही, पण कोणाच्या पानात मीठ राहिलं हे ज्याला माहीत असतं, तो माणूस म्हणजे समन्वयक.

या सगळ्यातून निघणार होतं ते दिल्लीला जाणार होतं. कारण आपल्याकडे झाड नसलेल्या जमिनीला ‘पडीक’ म्हणायची जुनी खोड आहे. पडीक म्हटलं की तिचं काहीतरी करावंसं वाटतं. कोणी तिथे खड्डे खणून झाडं लावतो, कोणी कुंपण घालतो. गवत हीसुद्धा एक वस्ती आहे, हे धोरण ठरवणाऱ्यांना पटवायचं तर नुसतं तळमळून उपयोग नाही, पुरावा लागतो. त्यासाठी आम्ही बरंच काही मोजत होतो, पण माझा जीव जडला होता शेणकिड्यांवर. हे भुंगे शेणाच्या गोळ्या करून ढकलत नेतात, पुरतात, माती भुसभुशीत करतात, खाली अंडी घालतात. ज्या माळावर गवत आणि गुरं यांचं बरं चाललेलं असतं, तिथे ते असतात. माळ जिवंत आहे का, हे विचारायला त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

एक अडचण होती ती माझ्या आईची. मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा ती बरेच दिवस माझ्याशी तुटक वागली, आणि मग एकच अट घातली: जीव मारायचा नाही. आम्ही जैन, त्यातून ती दर पर्युषणात अठ्ठाई करणारी, म्हणजे आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर राहणारी बाई. तिच्यापुढे वाद घालायची माझी छाती नव्हती. देशपातळीवरच्या पद्धतीत मात्र जमिनीत द्रव भरलेले पेले पुरायचे होते, ज्यात किडे पडून मरतात. मी कळवलं की मराठवाड्यात हे होणार नाही. या अभ्यासाचे मुख्य बंगळुरूला असतात, शांत स्वभावाचे सर. त्यांनी कारण विचारलं. मी एक शास्त्रीय कारण दिलं आणि एक आईचं. ते म्हणाले, दुसरं जास्त पटलं. तेव्हापासून आमच्याकडे बसून मोजणी ठरली. एका ताज्या पोजवळ एका माणसाने सकाळभर बसायचं, कोण येतं कोण जातं ते पाहायचं, फोटो काढायचा आणि ज्याला त्याला आपल्या वाटेने जाऊ द्यायचं.

त्या वर्षी आमच्या माळांमध्ये सगळ्यांत महत्त्वाचं होतं भोकरदन तालुक्यातलं एक गायरान, केदारखेड्यावरून आत गेलं की लागणारं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या सरपंचबाईंना आधीच झाडूवरून खूप चिडवून झालंय. त्या गायरानावर पडीक असा शिक्का बसला होता आणि तिथे कुंपण घालून झाडं लावायचं घाटत होतं. सरपंचबाई निवडून आल्या होत्या त्याच मुद्द्यावर, की गायरान जाऊ देणार नाही. त्यांच्या स्वतःच्या दावणीला गाई होत्या, लेकीचं शिक्षण त्या दुधावर चाललं होतं, आणि गावातल्या निम्म्या घरांना गुरं सोडायला दुसरी जागाच नव्हती. आमची मोजणी चांगली निघाली तर त्यांच्या म्हणण्याला आधार मिळणार होता. वाईट निघाली तर शिक्का पक्का. हे मी त्यांना लपवून ठेवलं नव्हतं.

मोजणी मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धरली. पोळ्याला आमच्या भागात कोणी कामाला हात लावणार नाही हे मी अभ्यासातल्या बाकीच्यांना तीन तीनदा समजावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मात्र बैलांना औत नसतं, ते निवांत चरायला येतात. पोळ्याच्या दुपारी मी जागा नक्की करायला गावात पोचले. बैल धुऊन झाले होते. शिंगांना रंग लागले होते, बेगड चिकटवणं चालू होतं, वेशीत तोरण बांधलं होतं. सरपंचबाई नवं लुगडं नेसून माझी वाटच बघत होत्या. ताई, आधी गायरान दाखवते मंग जेवण, म्हणाल्या, आणि झपाझप पुढे निघाल्या. त्यांच्या चालण्यातच इतका आनंद होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गायरानाच्या तोंडाशी रांगोळी होती. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना फासला होता. पुढे श्रावणातलं हिरवंगार गवत, वाऱ्याने हलणारं. गवताला हात लावू नका असं मी बजावलं होतं, आणि त्यांनी खरोखर एक काडी उपटली नव्हती. पण त्या एवढ्या मोठ्या माळावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेणाचा एक पो नव्हता.

मी विचारलं, शेण कुठंय?

"सगळं उचललं," त्या म्हणाल्या. "दिल्लीचं पथक मोजायला येऊन राह्यलं म्हणल्यावर अशी घाण ठेवायची का? गावातल्या बाया घेऊन झाडून काढलं. गोवऱ्या थापल्या. पुन्हा घाण व्हायला नको म्हणून जनावरं बी आठवडाभर घरीच बांधली. आता एक पो शोधून दाखवा ताई."

आपल्याकडे मोठा माणूस येणार म्हटलं की असंच होतं. मंत्री येणार असले की रस्त्याला डांबर लागतं, तपासणी असली की शाळेच्या भिंती रंगतात. त्या गावाने गाव स्वच्छतेचं बक्षीसही एकदा पटकावलं होतं, त्यामुळे हात सफाईला बसलेला. दुसऱ्या कुठल्या देशात असं कोणी करणार नाही, माळ झाडून काढणार नाही. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, घरचे सगळे सांगतील. मी त्या माळावर उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. आम्ही मोजणार ते शेणावरच, शेणच नाही तर किडे कुठून येणार, आठवडाभर उपाशी ठेवल्यावर ते कधीच दुसरीकडे गेले असतील, तुम्ही तुमच्या हाताने पुरावा झाडून टाकलात. शेण राहू द्या हे सांगायचं मीच विसरले होते, ते मात्र त्या बोलण्यात कुठे आलं नाही. एक टिटवी ओरडत उठली, बहुतेक मलाच घाबरून.

सरपंचबाई चुना लावलेल्या एका दगडावर बसल्या. नव्या लुगड्याला पांढरं लागलं तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "मंग गायरान गेलं का, ताई?"

त्या प्रश्नाने माझा राग एकदम ओसरला. मी त्यांच्या शेजारी त्याच दगडावर बसले आणि बंगळुरूला फोन लावला. उंचवटा असल्यामुळे रेंज मात्र छान होती. मी सरांना सगळं सांगितलं, रांगोळीसकट. मग ते हसायला लागले. असे हसले की फोन माझ्या कानापासून लांब धरावा लागला, आणि शेजारी सरपंचबाईंनाही ते हसू ऐकू गेलं. हसणं संपल्यावर ते म्हणाले, लपवायचं काही नाही, जे झालं ते अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहायचं. पण आपल्यापैकी कोणालाही अख्खं गायरान असं कोरं करून मिळणार नाही, मागूनसुद्धा मिळालं नसतं. उद्या पहाट झाली की सगळी गुरं सोडा आणि पहिल्या पोपासून मोजा. माळ मेला असेल तर कोणी येणार नाही. जिवंत असेल तर येतील, आणि किती लवकर येतात तेच आपल्याला सांगेल की तो किती जिवंत आहे.

मी आणखी एक गोष्ट विचारली. आज बैलांच्या पोटात पुरणपोळी जाणार होती, आणि आमच्या नियमाप्रमाणे शेण गवतावर चरणाऱ्या जनावराचं हवं. पुरणपोळी म्हणजे काय हे सरांना समजावण्यात थोडा वेळ गेला. शेवटी ते म्हणाले, तेही लिहा.

सरपंचबाईंना मी सरांचा बेत समजावला आणि म्हटलं, आता सगळं उद्यावर आहे. येतील ना ते किडे, त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हटलं, आणि खरंच माहीत नव्हतं. त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि गावाकडे चालू लागल्या. संध्याकाळी वेशीत बैल जमले, मानाचा बैल पुढे आला, तेव्हा तोरण तुटायच्या आधी त्यांनी माईक हातात घेतला. उद्या तांबडं फुटल्यावर सगळी जनावरं गायरानात, म्हणाल्या. बैल, गाई, म्हशी, वासरं, काही घरी ठेवायचं नाही. आणि घरटी एक माणूस, बसायला पोतं घेऊन. एका पोला एक माणूस. उद्या जो पो उचलेल त्याच्या घरी ग्रामपंचायतीचं पाणी बंद. लोक हसले, पण हसता हसता एकमेकांकडे बघत होते, कारण माझा आरडाओरडा तोवर गावभर झाला होता.

दिवस मावळायच्या आत मला पुरणपोळी खाऊ घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. घरी आले तेव्हा आई अठ्ठाईत होती. पोळा बहुतेक वर्षी पर्युषणातच येतो. मी तिच्या पायथ्याशी बसून सगळं सांगितलं. उपवासाने तिचा आवाज खोल गेला होता, पण ती मनापासून हसली. म्हणाली, म्हणजे त्या किड्यांनाही आठवडाभराचा उपवास घडला बिचाऱ्यांना, उद्या पारणं आहे. मला पहिल्यांदाच वाटलं की आईला माझं काम नुसतं चालत नाही, आवडतंही.

सकाळी मी आणि माझे चार विद्यार्थी पोचलो तर गायरान भरून गेलं होतं. रंगवलेल्या शिंगांची गुरं गवतात पसरलेली, कोणाच्या गळ्यात घुंगरमाळ तशीच, कोणाच्या कपाळावर वाकडं झालेलं बाशिंग. आणि प्रत्येकाच्या मागे पोतं काखेत घेतलेला एकेक माणूस. अख्खं गाव गुरांच्या शेपट्यांकडे डोळे लावून चाललंय, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. एरवी पोळ्याला मान कोणाच्या बैलाचा यावरून गावात रुसवेफुगवे होतात. त्या दिवशी पहिला पो टाकून मान पटकावला तो सरपंचबाईंच्या एका भाकड गाईने. त्या धावत गेल्या, पोतं अंथरलं आणि समोर बसल्या. मी त्यांच्या बाजूला बसले.

आधी माश्या आल्या. हे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हे नव्हे. मग आणखी माश्या आल्या. ऊन वर चढलं. आजूबाजूला ठिकठिकाणी माणसं पोतं टाकून बसली होती, सगळ्या माळावर फक्त गवत ओरबाडल्याचा आवाज. सरपंचबाईंनी पदराने घाम पुसला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या आणि मी त्यांच्याकडे.

आणि मग एक घरघर ऐकू आली. शेणकिड्याला उडता येतं पण उतरता येत नाही, तो नुसता येऊन आदळतो. हा पहिला आदळला तो थेट सरपंचबाईंच्या खांद्यावर. काळा, चकचकीत, करवंदाएवढा. त्या जागच्या हलल्या नाहीत. तो पदरावरून घसरत खाली आला, मिशा हलवल्या, आणि तुरुतुरु शेणाकडे निघाला. त्याच्या मागून दुसरा आला. मग सगळीकडूनच यायला लागले. माळाच्या त्या टोकाहून कोणीतरी ओरडलं, माझ्याकडं बी आला. मग इकडून आवाज, तिकडून आवाज. काही किडे शेणात बुडी मारून खाली बोगदे करत होते, काही गोळ्या करून उलट्या पायांनी ढकलत नेत होते. एका म्हातारबाबांनी आपल्या किड्याला रस्ता करून द्यायला पुढची गवताची काडी बाजूला केली, तेव्हा विद्यार्थिनीने त्यांना मदत करायची नाही असा दम दिला. दोन जावांचं तर भांडणच लागलं, कारण थोरलीच्या पोमधली गोळी धाकटीच्या हद्दीत गेली होती आणि ती कोणाच्या नावावर मोजायची हे ठरेना.

मला रडू आलं. आनंदाचंच होतं, पण हात शेणाचे असल्याने डोळे पुसता येईनात, तशीच वाहत्या डोळ्यांनी मी या पोजवळून त्या पोजवळ पळत होते. सूर्य डोक्यावर येईपर्यंत सकाळचे पो चाळणीसारखे झाले होते आणि खाली ताज्या मातीचे ढिगारे निघाले होते. देशातल्या आमच्या कुठल्याच माळावर इतक्या कमी वेळात इतकी गर्दी झाली नव्हती, हे मला पुढे सगळ्यांची माहिती एकत्र केल्यावर समजलं. सरपंचबाईंना त्या गणिताशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे जिवंत हाये ना आपलं गायरान?" मी हो म्हटलं. त्यांनी उजवा हात जमिनीला लावून कपाळाला लावला.

थंडीत दिल्लीला बैठक झाली. माझी पाळी आली तेव्हा मी पहिली ओळ वाचली: पाहणीपूर्वी गावाने गायरान झाडून स्वच्छ केले होते, आणि आदल्या दिवशी बैलांनी पुरणपोळी खाल्ली होती. सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या एका वरिष्ठ सरकारी साहेबांनी हसतच विचारलं की माळ झाडायचं कारण काय. मी म्हटलं, पाहुणे येणार होते म्हणून, तुम्ही. ते हसायचे थांबले. पुढचा सगळा वेळ त्यांनी मान खाली घालून टिपणं काढली, आणि मी त्या सकाळची चित्रफीत लावली तेव्हा ती दोनदा बघायला मागितली. बैठकीतून जो मसुदा निघाला त्यात अशा गायरानांना पडीक म्हणू नये असं स्पष्ट लिहिलं गेलं. हे काम देशभरच्या माळांवर बसलेल्या माणसांचं होतं, एकट्या आमच्या गावाचं नव्हे. पण आमच्या गायरानाचं कुंपण रद्द झालं आणि तिथे लावायची रोपं रस्त्याच्या कडेला लागली, ही बातमी मी फोनवर सांगितली तेव्हा पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. मग त्या म्हणाल्या, थांबा, गाईला सांगून येते.

पुढच्या पावसाळ्यात ते साहेब स्वतः गायरान बघायला येणार असं ठरलं. सरपंचबाईंचा लगेच फोन. साहेब लोक येऊन राह्यले, या खेपेला काय करू? मी म्हटलं, काही करू नका. काहीच न्हाई, त्यांनी पुन्हा विचारलं, पाय ठेवायला जागा न्हाई ओ ताई, एवढं शेण पडलंय. मी म्हटलं, तसंच राहू द्या. बिलकुल झाडू नका. बरं, म्हणाल्या, पण आवाजात पटलेलं नव्हतं. पाहुणा येणार आणि आपण काही करायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

साहेबांबरोबर मी गाडीतून उतरले. दगडांचा चुना पावसाने धुऊन गेला होता, झाडलेलं काही दिसत नव्हतं, मी सुटकेचा श्वास सोडला. आणि मग वाटेकडे पाहिलं. गायरानाच्या तोंडाशी जितके ताजे पो पडले होते, त्या प्रत्येकाभोवती रांगोळी काढलेली होती. पानाभोवती काढतात तशी महिरप, कोपऱ्यांना हळदीकुंकू. साहेब बघतच राहिले. भान नसल्यासारखं त्यांनी पुढे पाऊल टाकलं, तेवढ्यात सरपंचबाईंनी पदर सावरत त्यांना अदबीने हाताने अडवलं.

"साहेब, जरा बाजूनं या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते जेवून राह्यलेत."